ओढ्याला राखणदार हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५ सालच्या सुरुवातीला चेक प्रजासत्ताकातून आलेली एक गमतीशीर बातमी आपल्यापैकी काहींच्या वाचनात आली असेल. त्या देशात ब्रदी नावाचा डोंगराळ, जंगलाने वेढलेला प्रदेश आहे. पूर्वी तो लष्कराच्या ताब्यात होता. त्या काळात तिथे चर खोदून पाणथळ जमिनीतले पाणी बाहेर काढून दिले गेले होते. पुढे लोकांच्या लक्षात आले, की हे चुकले. ते पाणी पुन्हा जमिनीत थांबले पाहिजे, आणि त्यासाठी ओढ्यावर छोटे छोटे बांध घातले पाहिजेत. मग योजना आखली गेली आणि नकाशेही तयार झाले. पण जमीन कोणाची आणि परवानगी कोणाची, या वाटाघाटींत सात वर्षे निघून गेली. आणि एके दिवशी पाहतात तो बांध घातलेले! जिथे हवे होते, तिथेच. हे काम तिथल्या आठ बीव्हरांनी उरकून टाकले होते. सरकारचे सुमारे तीन कोटी क्राउन वाचले.

जालना जिल्ह्यातल्या एका गावी शेतकऱ्यांपुढे बोलताना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “सर, हे जनावर पंचायत समितीत अनुदानावर भेटंल का?” सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “हसू नका. त्याचा बांध फुटला तर ते काय करतं, तेवढं सांगा.” मी म्हणालो, “त्याच रात्री येऊन बुजवतं.” बाबा म्हणाले, “मग खरी मेख तिथंच हाये.”

श्रोतेहो, आजचे माझे सगळे बोलणे बाबांच्या या एका वाक्याभोवती आहे. बीव्हर आपल्या जिल्ह्यात कधी नव्हता आणि पुढेही येणार नाही. पण युरोप-अमेरिकेत या प्राण्याला घालवून देऊन नद्यांचे काय झाले, त्याला परत आणल्यावर काय झाले, आणि आपल्याकडे दुधना, कुंडलिका, गिरिजा, केळणा या नद्यांच्या काठी काय घडत गेले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर आपल्याला काहीतरी उमजण्यासारखे आहे.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. बीव्हर हा कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी, म्हणजे उंदीर-खारीच्या गोतावळ्यातला. वजन वीस-पंचवीस किलोपर्यंत, शेपटी वल्ह्यासारखी चपटी, आणि पुढचे दात चक्क नारिंगी. त्या दातांत लोह असते, म्हणून तो रंग. या दातांनी तो झाडे पाडतो, फांद्या ओढत आणतो आणि फांद्या, दगड, चिखल यांचा बांध ओढ्यावर घालतो. हे तो नदीच्या भल्यासाठी करत नाही. लांडग्या-अस्वलांपासून जीव वाचवायला त्याला खोल पाणी लागते. घराचे दार पाण्याखाली असले, की शत्रू आत येऊ शकत नाही. म्हणून तो ओढ्याचे तळे करतो.

स्वीडनमधल्या लार्स विल्सन या अभ्यासकाने पाळलेल्या बीव्हरांवर प्रयोग केले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. वाहत्या पाण्याचा खळखळाट कानी पडला, की या प्राण्याला चैन पडत नाही. ध्वनिवर्धकातून नुसता पाण्याचा आवाज ऐकवला, तरी तो काड्या आणि चिखल आणून त्या आवाजावर थापू लागतो. त्याच्या लेखी आवाज म्हणजे गळती आणि गळती म्हणजे संकट. म्हणून रोज रात्री तो बांधावर जातो, ऐकतो आणि जिथून आवाज येतो तिथे डागडुजी करतो.

याचा परिणाम मोठा होतो. बीव्हर एकच एक मोठे धरण बांधत नाही. तो ओढ्यावर लहान लहान बांधांची माळ लावतो. आपल्या भाषेत साखळी बंधारे. पुराचे पाणी पायरी पायरीने उतरते, त्याचा जोर मोडतो. गाळ बांधामागे बसतो, तळ वर उचलला जातो. पाणी काठाबाहेर पसरते, जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात हळूहळू ओढ्याला परत मिळते. त्या ओलीवर गवत, लव्हाळे, बेडूक, मासे, पक्षी असा सगळा संसार उभा राहतो.

आता याचा इतिहास. युरोपात एके काळी बहुतेक नद्यांवर बीव्हर होते. माणसाने त्यांना मारले ते कातडीसाठी, मांसासाठी आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतल्या सुगंधी द्रव्यासाठी. बीव्हरच्या मऊ लोकरीचा नमदा करून त्याच्या टोप्या बनत आणि त्या टोप्यांची युरोपात फॅशन होती. ब्रिटनमधून हा प्राणी सुमारे चारशे वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. मग व्यापारी उत्तर अमेरिकेकडे वळले. १६७० साली सनद मिळालेल्या हडसन बे कंपनीचा धंदा मुख्यतः याच कातडीवर उभा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या युरोपात मिळून जेमतेम बाराशे बीव्हर उरले होते, असा अंदाज आहे.

बीव्हर गेले आणि त्यांच्यामागे बांधही गेले. राखणारे कोणी नाही म्हटल्यावर एकेक बांध फुटला. पाणी मोकाट धावू लागले, तळ खरवडत खोल गेले. काठाची जमीन वर राहिली आणि ओढा घळईत गेला. पाणथळी सुकल्या. गंमत अशी, की पुढच्या पिढ्यांना ती खोल घळईच ओढ्याचे मूळ रूप वाटू लागले. आपले काय हरवले आहे, हेच लोक विसरून गेले.

परतीचा प्रवास १९२२ साली सुरू झाला. स्वीडनमध्ये शेवटचा बीव्हर १८७१ च्या सुमारास मारला गेला होता. तिथे शेजारच्या नॉर्वेतून काही जोड्या आणून सोडल्या. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९४८ साली तर कमालच झाली. वस्तीजवळ उपद्रव देणारे बीव्हर दूरच्या डोंगरात पोचवायचे होते, पण रस्ता नव्हता. तेव्हा लाकडी पेट्यांत घालून, हवाई छत्री बांधून त्यांना विमानातून खाली सोडले. ७६ पैकी एकच दगावला. स्कॉटलंडमध्ये नॅपडेल इथे २००९ साली बीव्हर सोडले गेले. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या नदीवर २०१५ पासून पाच वर्षे त्यांच्या कामाची पाहणी झाली. आणि मार्च २०२५ मध्ये डॉर्सेट परगण्यात रीतसर परवान्याने बीव्हर मोकळ्या रानात सोडण्यात आले. आज युरोपात त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे.

सगळे गोडच आहे असे मात्र नाही. बीव्हर शेतात पाणी घुसवतो, फळझाडे पाडतो. शेतकरी तक्रार करतात आणि ती खोटी नसते. जिथे तो मूळचा नाही, तिथे तर त्याने अनर्थ केला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फुएगो बेट आहे. अर्जेंटिनाने १९४६ साली कातडीच्या धंद्यासाठी तिथे काही मोजके बीव्हर सोडले. कातडीचा धंदा काही जमला नाही, पण बीव्हर लाखाच्या घरात गेले. तिथली झाडे पाण्यात उभी राहून मेली, कारण त्या झाडांना या प्राण्याची सवयच नव्हती. म्हणून बाबांच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. अनुदानावर मिळत असला, तरी हा प्राणी आपण आणू नये. आठ महिने कोरड्या पडणाऱ्या ओढ्यात तो जगणारही नाही.

पण त्याचे काम आणता येते. अमेरिकेत ओरेगन राज्यात ब्रिज क्रीक नावाचा ओढा असाच खरवडून खोल गेला होता. तिथे २००९ पासून शास्त्रज्ञांनी ओढ्याच्या तळात लाकडी खुंट ठोकले, त्यांत फांद्या विणल्या, माती भरली आणि शंभराहून अधिक कच्चे बांध घातले. बीव्हरला आयता पाया मिळाला, त्याने पुढचे काम हाती घेतले. पाण्याची पातळी वर आली आणि मासे वाढले. म्हणजे तिथे माणूस बीव्हरची नक्कल करायला शिकला. आपल्याकडे ही नक्कल फार जुनी आहे. फक्त आपण तिला नक्कल म्हणत नव्हतो, कारण मूळ प्राणी आपण पाहिलाच नव्हता.

चला, आता आपल्या मातीत येऊ. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. पण इथल्या नद्यांच्या काठची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. केळणेच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावच्या रहिवाशांची नोंद आहे. हीच केळणा पुढे जाफराबादजवळ पूर्णेला मिळते. जालना शहर कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर पसरलेले आहे. कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला जाऊन मिळते. जिल्ह्याची दक्षिण सीमा तर खुद्द गोदामाईनेच आखली आहे.

एवढ्या नद्या असूनही पाणी का नाही? पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत, कोसळून जाणारा. खाली काळा पाषाण. या दगडात पाणी साठायला जागा कमी. पाणी राहते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि नदीच्या वाळूत. त्यामुळे आपल्या नद्यांना हिमालयातल्या नद्यांसारखे बर्फाचे माहेर नाही. जे पडले ते वाटेत कुठेतरी अडले, तरच जानेवारीनंतर विहिरीला पाझर. नाही अडले, तर चार दिवसांचा पूर आणि आठ महिन्यांचे वाळवंट. त्यात गेल्या काही दशकांत नदीतली वाळूही उपसली गेली. वाळू म्हणजे नदीचे पोट. पोटच काढून घेतले, तर तिने साठवायचे कुठे?

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असे लोक म्हणत आले, ते व्यापाराच्या भरभराटीवरून. पण कोणतीही पेठ पाण्यावाचून भरभराटीला येत नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मलिक अंबरच्या काळात, जालन्याचा कारभार जमशेदखानाकडे होता. काळी मशीद त्यानेच बांधली. शहरासाठी मोठा तलाव बांधला, तोच मोती तलाव. तिथून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांत पाणी खेळवले. भरभराटीच्या दिवसांत जालन्याला पाच तलाव होते, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. पुढे निजामाच्या राजवटीत, १९३०च्या दशकात, घाणेवाडीचा तलाव झाला. तिथून शहरापर्यंत पाणी उताराने, आपल्या वजनाने येत असे. विजेच्या बिलाचा प्रश्नच नव्हता. आज हा तलाव संत गाडगेबाबा जलाशय म्हणून ओळखला जातो. ज्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरला, त्यांचे नाव तलावाला शोभते.

पण तलावाची एक खोड असते. पाणी येते तसा गाळही येतो. तो कोणीतरी काढावा लागतो. नळ कोणीतरी साफ करावे लागतात. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, गाळ काढणाऱ्याचे राहत नाही. आणि ज्या दिवशी गाळ काढणारा नाहीसा होतो, त्या दिवसापासून तलाव मरू लागतो, मग तो कोणीही बांधलेला असो.

नाशिक-धुळ्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालत आली. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखाली शेतांचे फड. या पद्धतीचे कौतुक करताना आपण बंधाऱ्याचे कौतुक करतो. मला विशेष वाटते ते माणसांचे. पाणी देणारा पाटकरी ठरलेला, त्याच्यावर हवालदार ठरलेला, पिकाची राखण करणारा जागल्या ठरलेला. हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस यायचा. पाट फुटला तर हाक कोणाला मारायची, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असे. तीन-चारशे वर्षे ही बंधाऱ्यांची व्यवस्था टिकली, ती चुन्यात टिकली तेवढीच या माणसांतही टिकली.

गोदावरीवरच नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाट काढण्यासाठी बंधारा बांधला गेला. त्याच्यामागे गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती वाढल्या आणि दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. २०२० साली ही जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाली. बंधारा बांधणाऱ्यांनी पक्ष्यांचा विचार केला नसणार, पण पाणी थांबले आणि जीवसृष्टी आपण होऊन आली.

मग आपल्या काळात काय झाले? १९७२चा दुष्काळ मराठवाड्याच्या जिवावर उठला. त्यातून रोजगार हमी योजना आली. हजारो हातांनी पाझर तलाव, नालाबांध खोदले. पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे गावोगाव झाले. हे बंधारे मोठे हुशारीचे आहेत. पावसाळ्यात दारे काढून ठेवायची, म्हणजे पूर आणि गाळ वाहून जातो. पावसाळा संपता संपता, ओढा वाहता असतानाच दारे बसवायची, म्हणजे शेवटचे पाणी अडते. पण त्यासाठी दर वर्षी नेमक्या आठवड्यात कोणीतरी बंधाऱ्यावर हजर असावे लागते. आपण गावोगावचे चित्र पाहा. कुठे दारे गंजलेली, कुठे चोरीला गेलेली, कुठे दारांची किल्ली असणारा माणूस बदलून गेलेला. ओढा वाहून गेल्यावर दारे बसली तर ती कोणाच्या कामाची? खर्च पडला, छायाचित्र निघाले, पण राखणदार नेमला गेला नाही.

बीव्हरच्या बांधात आणि आपल्या बांधात हा एवढाच फरक आहे. त्याचा बांध कच्चा असतो, काड्या-चिखलाचा. आपला सिमेंटचा. तरी त्याचा टिकतो, कारण तो बांधाशेजारी राहतो. आवाज आला की उठतो. आपल्या ओढ्यावर आवाज येत राहतो, पण ऐकणारा कोणी तिथे राहत नाही.

२०१२-१३ सालचा दुष्काळ आठवतो ना? जालना जिल्हा त्या होळीच्या मध्यभागी होता. घाणेवाडीचा तळ उघडा पडला. शहरातली माणसे नळाची वाट दिवस मोजून पाहत होती. गावोगाव टँकर. आणि मोसंबीच्या बागा! ज्या जिल्ह्याच्या मोसंबीला पुढे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे कुऱ्हाडीने तोडली. मोसंबीचे झाड एका उन्हाळ्यात मरते, आणि नवे लावले तर फळाला पाच वर्षे लागतात. टँकरने माणूस जगतो, बाग जगत नाही.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीची द्राक्षे उभी होती. त्या गावात पाऊस काही वेगळा पडला नव्हता. १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झाले होते. विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र गावाच्या पाठीशी होते. काम माथ्यापासून पायथ्याकडे आले. आधी डोंगरउतारावर समपातळी चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग ओघळींत दगडी बांध आणि शेवटी नाल्यावर सिमेंटचे बांध. पाणी जिथे पडते तिथेच त्याला विनंती करायची, की बाबा रे, जरा थांब. ओढ्यापर्यंत पोचेतो त्याचा जोर मोडलेला असतो.

पण या कार्यक्रमातला मला मोलाचा वाटणारा भाग चर-बांधांच्या पुढचा आहे. गावाने श्रमदान केल्याशिवाय काम नाही, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळल्याशिवाय काम नाही, आणि काम झाल्यावर त्याच्या देखभालीची तजवीज गावानेच करायची. पाणलोट समिती गावातल्या माणसांची. बांध माझ्या हातचा असेल तर तो फुटलेला मला पाहवत नाही, हे साधे मानसशास्त्र आहे.

कडवंचीचे प्रश्न मिटले असे मी म्हणणार नाही. द्राक्षे वाढली, शेततळी वाढली, तशी जमिनीखालच्या पाण्याची ओढही वाढली. विहिरीतून उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरलेले पाणी एकाचे होते आणि शेजाऱ्याच्या विहिरीतून कमी होते. बीव्हर पाणी अडवतो, पण त्याच्याजवळ मोटार नाही. आपल्याजवळ आहे. म्हणून आपल्या राखणदाराला बीव्हरपेक्षा एक काम जास्त आहे. पाणी अडवायचे, आणि किती उपसायचे याचा हिशोबही ठेवायचा.

दुष्काळाने शहरालाही जाग आणली. जालन्यातले नागरिक, उद्योजक आणि आसपासचे शेतकरी एकत्र आले, वर्गणी जमवली आणि घाणेवाडीचा गाळ काढायला लागले. तो गाळ शेतात गेला, तलावाला जागा झाली. पुढे कुंडलिकेवर शिरपूरच्या धर्तीवर बंधारे घालण्याचे कामही लोकांनी हाती घेतले. धुळे जिल्ह्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी रूढ केलेली ही पद्धत, नाला रुंद-खोल करून त्यावर बंधारे घालण्याची. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले आणि राज्यभर यंत्रांचा धडाका सुरू झाला.

इथे बीव्हरचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो ओढ्याचा तळ वर आणतो, आपण तळ खाली नेतो. गाळाने भरलेला नाला मोकळा करणे वेगळे, आणि मुरूम ओलांडून खडकापर्यंत खोदत जाणे वेगळे. नाला आजूबाजूच्या विहिरींपेक्षा खोल गेला, तर विहिरींचेच पाणी नाल्यात उतरण्याची भीती असते. माथ्यावर काहीच न करता पायथ्याशी खड्डा खोदला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० सालच्या अहवालाने दाखवून दिले, की अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल वाढवण्यात त्याला फारसे यश आले नाही. देखभालीची बाजू लंगडी असल्याकडेही अहवालाने बोट दाखवले. अभियान चुकीचे होते एवढाच याचा अर्थ घेऊन थांबू नये. काही गावांत विहिरींना पाणी वाढले, हेही खरे आहे. पण जिथे ते टिकले, तिथे काम झाल्यावरही ओढ्याकडे लक्ष ठेवणारी माणसे होती.

बीव्हरच्या बांधाच्या सर्वांत जवळचा असा आपल्याकडे एक बांध आहे, आणि त्याला खर्चही जवळजवळ नाही. तो म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेने तो घरोघर पोचवला. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, त्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचे आणि पाऊस सरता सरता वाहत्या ओढ्यावर थरावर थर रचायचे. शाळेची मुले, बचत गटातल्या बाया, तरुण मंडळ, वीस-पंचवीस माणसे एका दिवसात एक बंधारा घालतात. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून जातो. लोक म्हणतात, हा त्याचा दोष. मला तो त्याचा गुण वाटतो. तो वाहून जातो म्हणून गावाला दर वर्षी ओढ्यावर जावे लागते. पाणी कुठवर आले, काठ कुठे ढासळला, वाळू कोणी नेली, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

म्हणून माझे सांगणे थोडकेच आहे. नवा बंधारा मागण्याआधी जुना कोण राखतो, हे ग्रामसभेत विचारावे. प्रत्येक बंधाऱ्यापुढे एका माणसाचे नाव आणि थोडे मानधन ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिलेले असावे. दारे कोणत्या आठवड्यात बसवायची, ते आधी ठरावे आणि फळ्यावर लिहिले जावे. उन्हाळ्यात गाळ निघाला का, हे पोळ्याच्या आधी एकदा गावासमोर सांगितले जावे. पाटकरी, हवालदार, जागल्या ही नावे आपल्याला नवी नाहीत. मधल्या काळात आपण ती जागा रिकामी ठेवली, एवढेच.

त्या दिवशी सभा संपल्यावर बाबा मला त्यांच्या शेताकडे घेऊन गेले. ओढ्यावर एक सिमेंटचा बंधारा होता. मधोमध फूटभर भगदाड पडलेले आणि त्यातून पाणी खळखळत चाललेले. दिवस सप्टेंबर अखेरचे. मी विचारले, “हे कधीपासून आहे?” म्हणाले, “तीन वर्सं झाली. अर्ज केलाय.” मग थोडा वेळ तो आवाज ऐकत उभे राहिले आणि नातवाला म्हणाले, “जा रे, घरून चार पोती आन.”